शेक

सख्ख्या आईला बाहेर बसवून न्हाणीला आतून कडी लावायची, ही माझ्या पोरीची कोणती रीत? मी येऊन आज आठवा दिवस. ताट पुढे ठेवलं तर जेवते, गोळी हातावर ठेवली तर गिळते, ‘आई, पंखा कमी कर’ इतकं बोलते. पण अंग दाखवत नाही. ज्या अंगाला मी जन्मल्या दिवसापासून तेल लावलं, तेच अंग माझ्यापासून असं झाकते जशी मी दारव्ह्याच्या जीपमध्ये बाजूला येऊन बसलेली कोणी परकी बाई. राजदीप, म्हणजे आमचा जावई, नेरला नोकरीला जातो. सकाळी निघताना पायात बूट घालता घालता म्हणाला, ‘आई, रुपाली आज पहिल्यांदा तो पट्टा काढून आंघोळ करणार आहे. चक्कर येते म्हणतात. तुम्ही आतच थांबा.’ मी बादली भरली, कोपर बुडवून पाणी पाहिलं, टॉवेल खांद्यावर टाकला. आणि ही राणी आली, माझ्या खांद्यावरून टॉवेल उचलला, आत गेली अन् कडी. मी बाहेर प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. दाराखालच्या फटीतून साबणाचा वास येतो. मगातून पाणी पडल्याचा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. आवाज आला की मी श्वास घेते, थांबला की माझाही थांबतो. मला आत जायचंच आहे. तिच्या चकरेसाठी, असं राजदीपला वाटतं तर वाटू द्या. म्हातारपणी खोटं कशाला बोलू? मला तिची पाठ पाहायची आहे. डाव्या अंगाला, कमरेच्या चार बोटं वर. तिथं मी तिला भाजलं आहे. परवाच्या दिवशी. आणि तिला ते माहीत नाही.

हे वाक्य मनातसुद्धा मला नीट उभं करता येत नाही. माझ्या, म्हणजे नलूबाईच्या हातून कोणी भाजलं, असं दारव्ह्यात जाऊन सांगा, लोक तुम्हालाच येडं ठरवतील. आमच्या मोहल्ल्यात कोणाची सून बाळंत झाली की माणूस पहिलं माझ्या दारात यायचा. दवाखान्यातून बाई घरी आली की तिचं न्हाणं, तिचं पोट बांधणं, तिचा शेक, सारं माझ्याकडे. किती बाया माझ्या हाताखालून गेल्या ते मी मोजलं नाही. ज्यांना शेकलं त्यांच्या पोरींनाही शेकलं, एवढं सांगते. विस्तव कुठलाही असो, वीट माझी. अर्धी वीट आहे, तीस वर्षांत घासून घासून साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झालेली. ती मी चुलीत तापवते, जुन्या लुगड्याच्या दुहेरी धडप्यात गुंडाळते, आधी आपल्या गालाला लावते आणि मग बाईच्या अंगाला. लावताना विचारते, ‘सोसते का व?’ बाई ‘हो’ म्हणाली तर ठेवायची, ‘हाय’ म्हणाली तर उचलायची. दुसरीपर्यंत शाळा झाली माझी. बाकी माझी सारी विद्या म्हणाल तर या तीन शब्दांत आहे. गाल माझा, पण साक्ष तिची. गाल चुकू शकतो, बाईचं तोंड चुकत नाही, असं मी आजवर समजून होते. रुपालीची गाठ काढणार असं कळलं तेव्हा लुगडी दोन घेतली आणि पिशवीच्या तळाशी पहिलं काय टाकलं असेल तर ती वीट.

गाठ. तिनं मला गाठच सांगितलं होतं. फोनवर म्हणाली, ‘आई, पोटाले गाठ आहे, काढून टाकते नागपूरले, घाबरायचं काम नाही.’ पोटाची गाठ म्हटल्यावर कोणती आई घाबरणार नाही? मी विहारात जाऊन मेणबत्ती लावली, शेजारणीला सांगून रडले, आणि पोरीच्या घरी आले. आल्यावर पाहते तर पोर गादीवर उताणी, छातीच्या खालपासून मांडीपर्यंत एक कातडीरंगाचा आवळ कपडा चढवलेला, बाजूनं हूक. पहिले दोन दिवस त्या कपड्यातून गुलाबी पाणी झिरपत होतं. गादीवर प्लास्टिक, प्लास्टिकवर टॉवेल, टॉवेल मी पिळायचे. मी म्हटलं, ‘एवढं रक्त?’ ती म्हणाली, ‘रक्त नाही आई, पाणी आहे. त्यायनंच आत भरलं होतं, आता बाहेर येते. सांगतलं होतं त्यायनं.’ एका गाठीसाठी आत पाणी कायले भरतात, हे मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवसापासून उठवून चालवायची, डॉक्टरनं सांगितलं होतं, पायात रक्त गोठू नये म्हणून. हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, वाकून, पोटावर हात धरून, बाळंतिणीसारखी. ते चालणं पाहून माझ्या हातांना त्यांचं काम आठवलं. हात असेच असतात, डोक्याला विचारत नाहीत.

परवा दुपारी ती म्हणाली, आतून ठणकते. एका कुशीवर झोपली होती, गोळीची गुंगी होती. कपड्यावरूनच मी हात फिरवला तर कमरेच्या वरचा भाग दगडासारखा टणक. मी म्हटलं, ‘शेकून देते, मोकळं होईल.’ नको म्हणाली. मग म्हणाली, ‘पाठच. पुढं नको पाहू, आई.’ मी हूक सोडले, कपडा वीतभर वर केला. कातडी पिकल्या जांभळासारखी निळी, कुठे पिवळी. मसुराएवढा एक टाका. मला वाटलं, गाठीचं ऑपरेशन पोटाला आणि टाका पाठीला? तेही विचारलं नाही. गॅसवर वीट तापवली. चुलीची आच मला कळते, गॅसची नाही, हे आता म्हणते. तेव्हा तसं वाटलं नाही. गालाला लावली. माझा गाल आता पूर्वीचा राहिला नाही, तोही जुन्या चामड्यासारखा झाला, हेही आता म्हणते. ठेवली. ‘सोसते का व?’ ती उशीत तोंड घालून म्हणाली, ‘सोसते.’ अजून ठेवली. ‘सोसते का?’ ‘हो, सोसते ना.’ आवाजात जरासुद्धा दुखणं नव्हतं. मी मनात म्हटलं, पाहा, आईच्या हाताला कशी शांत पडली. वीट उचलली तर खाली तळहाताएवढा लाल चट्टा, आणि मध्ये, माझ्या डोळ्यांदेखत, पाण्याचा फुगा वर येत होता. लिंबाएवढा झाला. मी बोटानं कडेला दाबलं. पोर हलली नाही. जोरात दाबलं. हलली नाही. ‘झालं का आई?’ म्हणाली. मी कपडा खाली ओढला, एक एक हूक लावला आणि म्हटलं, ‘झालं.’

काल तिच्या गाऊनला मागून पिवळा डाग होता. फोड फुटला होता. गाऊन बदलायला लावला, नळाखाली धरला आणि ती उठून पाहायच्या आत डाग घासून काढला. हेही मी केलं.

माझं हे एकट्या परवाचं नाही, असं कालपासून डोकं म्हणते. डोकं मागं मागं जाते, आणि जिथं जाते तिथं उकंडा बसलेला असतो. उकंडा म्हणजे माझा नवरा, रुपालीचा बाप. बोरी अरबच्या शाळेत चपराशी होता, घंटा वाजवायचा. सहा वर्षं झाली त्याला जाऊन. उकंडा म्हणजे शेणकचऱ्याचा ढीग, आणि त्याचं ते नाव काही गमतीनं पडलं नव्हतं. त्याच्या आधीची तीन भावंडं मेली होती. घरानं दीक्षा घेतली होती, देव्हाऱ्यातले देव पाण्यात सोडले होते, नवस बंद, अंगारा बंद. पण माझ्या सासूला चौथा पोरगा झाला तेव्हा तिनं म्हटलं, देव सोडले, भेव थोडंच सुटलं? तिनं ते पोर सुपात घालून उकंड्यावर नेऊन टाकलं. म्हणजे पाहा, आम्हाला हे नको, कचरा आहे, याच्यावर कोणी डोळा ठेवू नका. आणि लगेच जावेनं मागच्या बाजूनं जाऊन ते उचललं, घरी आणलं, आणि सासूनं पायलीभर ज्वारी देऊन आपलंच पोर जावेकडून परत घेतलं. नाव तेवढं उकंडा ठेवलं. ही गोष्ट सासू मला शेणी थापता थापता सांगायची आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणायची, ‘टाकलं तशी लगोलग धावतबी गेली होती मी. उचलेपर्यंत जीव थाऱ्यावर नोता.’ उकंड्याला मात्र ही गोष्ट आवडायची नाही. त्याच शाळेत शिकला, त्याच शाळेत घंटा वाजवली, आणि ज्या पोरांना तो पाणी पाजायचा ती भिंतीआडून त्याच्या नावानं नाक धरायची.

माझीही दोन गेली. पहिला आठव्या दिवशी. दुसरी पोरगी अकरा महिन्यांची होऊन, भरलेली, मांड्यांना तीन तीन वळ्या. शेजारची विमलताई अंगणात आली, तिला उचललं, म्हणाली, ‘काय गुटगुटीत हाय व नलू तुही पोरगी, लोण्याचा गोळा!’ तिसऱ्या दिवशी ताप आला आणि दारव्ह्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत लोण्याचा गोळा थंड झाला. विमलताईचा काय दोष? तापाचा दोष. हे उकंडा सांगत होता, आणि मला कळतही होतं. पण पुढच्या साली रुपाली झाली, नर्सबाईनं तराजूत टाकली आणि म्हणाली, ‘चार किलो!’ तेव्हा बाई पुढचा शब्द बोलायच्या आत मी खाटेवरून ओरडले, ‘कायची चार किलो, ढोली झाली मले, ढोली!’ ढोली म्हणजे बांबूची, शेणानं लिंपलेली, ज्वारी भरून ठेवायची. कोणी गोड बोलायच्या आत आपण वाईट बोलून टाकायचं. कोणी कौतुकानं हात पुढे केला की मी म्हणायचे, ‘राहू दे ढोलीले, हात मोडन.’ उकंड्यानं नाव ठेवलं रुपाली. एक दिवस घंटेचा हातोडा हातात तसाच घेऊन घरी आला आणि म्हणाला, ‘नलू, म्या हे भोगलं आहे. पोरीले नको.’ मी म्हटलं, ‘तुम्ही जगले ना पण?’ तो हातोडा घेऊन परत शाळेत गेला. मला वाटलं, मी जिंकले.

पोर जगली. दोन वर्षांची झाली, पाचाची झाली, गोवर आला नि गेला, विंचू चावला नि उतरला. तेव्हा तरी थांबायचं होतं. पण तोवर त्या शब्दाला माझ्या जिभेची चव लागली होती, किंवा जिभेला त्याची. आणि लोक हसत होते. मी बोलले की लोक हसतात याचा मला गर्व होता. दुसरं काय होतं माझ्याजवळ? मग एक ढोलीवरून दहा शब्द झाले. रुपालीच्या लग्नाचा बस्ता बांधायला दारव्ह्याच्या दुकानात गेलो होतो, सासरचे लोक बसलेले, चहा आलेला. दुकानदारानं साडी उलगडली, पोरीच्या खांद्यावर टाकली. मी म्हटलं, ‘ह्या अंगाले हे कुठं पुरते भाऊ? सोयाबीनवर झाकाची ताडपत्री दाखवा.’ दुकान असं हसलं की दुकानदारानं डोळे पुसले. विहीणबाईंच्या बशीतला चहा सांडला. आणि रुपाली? तीही हसली. सर्वांत आधी तीच हसली. मी तेव्हा तिच्याकडे पाहिलं होतं, हे मला पक्कं आठवते. आणि मनात म्हटलं होतं, सोसते पोरीला. गमतीची आहे. त्या दिवशी हॉटेलात सर्वांनी जेवण केलं, ती म्हणाली, मला भूक नाही.

आत पाणी थांबलं आहे. नाही, आलं.

काल दुपारी ती झोपली होती तेव्हा उशीखालून एक कागद खाली पडला. दवाखान्याचा, पण मराठीतला. मी चष्मा लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर ठेवून वाचू लागले. मी वाचते म्हणजे ज्वारी निवडल्यासारखी वाचते, एक एक दाणा. वर मोठ्या अक्षरात होतं, ‘शस्त्रक्रियेनंतर काय अपेक्षित आहे’. अपेक्षितमधल्या क्षि पाशी मी अडखळले. मग कळलं, अपेक्षेतलंच आहे, आपण दुसऱ्याकडून धरतो ती. खाली होतं, च, र, बी. चरबी काढल्यानंतर. मी पुन्हा वाचलं. गाठ कुठेच नव्हती. ‘ही शस्त्रक्रिया वजन कमी करण्यासाठी नाही.’ ‘दोन दिवस गुलाबी पाणी येईल.’ ‘सूज उतरायला तीन महिने, कधी सहा.’ ‘हाताला टणक गोळे लागतील, घाबरू नये.’ ‘घट्ट कपडा दीड महिना.’ ‘पहिल्या आंघोळीला कपडा काढल्यावर चक्कर येऊ शकते, जवळ कोणी असावे.’ आणि त्याच्याही खाली, ठळक, ‘कातडी काही आठवडे बधिर राहील. तिथे गरम शेक देऊ नये. भाजले तरी रुग्णाला कळत नाही.’ ही ओळ वाचायला मला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. गॅसवरचं दूध उतू जाऊन विझलं होतं.

चरबी. हा शब्द मी तिला किती वेळा दिला! चौदा वर्षांची होती, यवतमाळला शिकायला जाते म्हणून बापाच्या पाठीमागे उभी राहून माझ्याशी वाद घालत होती. मी म्हटलं, ‘चरबी चढली काय व तुले? उतरवून टाकीन सारी.’ मी डोक्यातली म्हटली होती, मस्तीची. सारा वऱ्हाड पोरांना हेच म्हणतो, कोणाचं काय बिघडते? पण भाषेत दोन्हीला शब्द एकच, आणि ती त्या वेळी ओढणी अंगाभोवती दोनदा गुंडाळून उभी होती. कोणती चरबी, हे तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नागपूरचा डॉक्टर तर आता आला. सुरी लावायची जागा मी अठरा वर्षांपूर्वीच खूण करून ठेवली होती.

आणि तरी मी काल बोलले नाही. बोलायची वेळ दहा वेळा आली. संध्याकाळी तिनं विचारलं, ‘आई, तू अशी काहून पाहून राह्यली माह्याकडे?’ मी म्हटलं, ‘कशी पाहीन? डोळे आहेत.’ उद्या नागपूरला दाखवायला जायचं आहे. डॉक्टर कपडा काढील, फोड पाहील, विचारील, हे काय? आणि ती म्हणेल, काय? तिच्या तोंडावर तेव्हा काय येईल ते मला कालपासून दिसते आहे. ती कोणावर रागावणार नाही. ती हसेल. आधी तीच हसेल. म्हणेल, असेल काही, मला समजलंच नाही.

पाणी थांबलं. मी वाट पाहिली. पाठोपाठ प्लास्टिकचा मग पडल्याचा आवाज, फरशीवर गरगरत गेल्याचा, आणि मग काहीच नाही. स्टूल मागं सारून उठले. मी दारावर थाप मारली. ‘रुपाली!’ काही नाही. ‘रुपाली, बोल व!’

‘आहे.’ आवाज खालून आला, जमिनीजवळून. ‘चक्कर आली होती. बसली आहे मी. जरा थांब.’

‘कडी काढ.’

‘कपडे नाहीत अंगावर, आई.’

‘तुह्ये कपडे पाहाले नाही आली मी. कडी काढ.’

‘दोन मिनिटं. तू जा बरं, बस तिकडे. मी येते. सोसते मले.’

त्या शब्दावर मी कपाळ दाराला टेकलं. दार गार होतं, ओलं होतं. मला वाटलं होतं, हे वाक्य बोलायला मला फार जोर लागेल. पण ते नुसतं बाहेर पडलं, त्या गुलाबी पाण्यासारखं, आतच भरलेलं होतं म्हणून. ‘रुपाली, तुही पाठ भाजली आहे. डाव्या अंगाले. परवा वीट ठेवली ना, तेव्हा. म्या भाजलं. फोड आला, म्या पाह्यला अन् कपडा खाली ओढला. काल गाऊनाले लागलं ते म्या धुऊन टाकलं. तुहा कागदबी वाचला. गाठ नोती, माहीत आहे मले.’

 शेजारच्या फ्लॅटमधल्या कुकरची शिटी झाली. मग फरशीवर ओले पाय उठल्याचा आवाज आला आणि कडी निघाली.

टॉवेल छातीशी धरून ती भिंतीला पाठ लावून उभी होती. केसातून पाणी गळत होतं. पोट उघडं होतं, सुजलेलं, निळं-पिवळं, आणि पहिल्यांदा तिनं ते झाकलं नाही, बहुतेक विसरली. माझ्याकडे पाहत होती. मी वाट पाहत होते की आता हसेल. हसली नाही.

‘दोन दिवस?’ ती म्हणाली. ‘दोन दिवस तुले माहीत होतं?’

‘होतं.’

‘अन् बोलली नाही.’

‘नाही बोलली.’

‘तू गप्प बसली? तू?’ ती भिंतीपासून पुढे झाली. ‘मले आयुष्यभर सारं तोंडावर बोलली तू, आई. दुकानात बोलली, मांडवात बोलली. अन् हेच तेवढं नाही बोलली?’ मग हात मागे नेऊन ती पाठ चाचपू लागली, जागा सापडेना तिला, बोटं फोडावरून गेली आणि पुढे गेली. ‘लागतच नाही मले तिथं काही. कुठं आहे? आई, कुठं आहे?’

मी उंबरा ओलांडून आत गेले. ओल्या फरशीवर, चपलेसकट. तिचा हात धरला आणि तिच्याच बोटानं तिला ती जागा दाखवली. आणि मग बोलले. मोठ्यानं बोलले, कारण हळू बोलणं मला कधी आलं नाही.

‘ऐक. तुले ढोली म्हणून उकंड्यावर टाकलं, ते माह्यं चुकलं नाही. तू जगली, अन् मी मरेपर्यंत असंच म्हणीन. पण तुह्या आजीनं तुह्या बापाले टाकलं तसंच धावत जाऊन परत आणलं होतं. म्या तुले आणलंच नाही. बत्तीस वर्सं तिथंच ठेवलं अन् लोकायले हासाले बलावलं. गुन्हेगार मी आहे, तुह्यं पोट नाही. अन् यापुढं मले “सोसते” म्हणशीन तं थापड खाशीन. आता फिर तिकडे. पाठ दाखव.’